राखून ठेवलेली पट्टी

फोटोफ्रेमच्या दुकानातून विद्यापीठात निरोप गेला: फ्रेमा अकरा होतील, बारावी होणार नाही, कारण विचारू नये. निरोप देणारा दादा आणि घेणारी त्याचीच लेक, चिमणी. बाप आपल्याशी गिऱ्हाइकासारखा बोलायला लागला की घरात काहीतरी बिनसलेलं असतं, हे चिमणीला लहानपणापासून ठाऊक. तिनं फोन ठेवला आणि लगेच आत्याला लावला. "आत्या, बारावी म्हणजे तू," एवढंच ती म्हणाली, आणि पलीकडे भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापिका, ज्यांना चोपन्नाव्या वर्षीही घरात सगळे गोटी म्हणत, उठून खोलीचं दार लावून आल्या.

चूक कुणाची यावर त्या घरात पुढं कैक वर्षं वाद चालेल, पण खरं सांगायचं तर ती दोघींची होती. चिमणी विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागात कामाला. समलिंगी, ट्रान्स आणि अशा सगळ्याच मुलामुलींना विद्यापीठ आपलं वाटावं म्हणून तिथं एक समिती नेमली होती, आणि समिती म्हटल्यावर जे होतं ते सगळं रीतसर झालं होतं. उद्घाटनाचा चहा कागदी कपात द्यायचा की काचेच्या, यात दोन बैठका गेल्या. तिसऱ्या बैठकीत मात्र चिमणीनं एक शहाणपणाची गोष्ट मांडली. मुख्य इमारतीच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये एका भिंतीवर आजवरचे सगळे कुलगुरू ओळीनं टांगलेले आहेत, एकजात मिशीवाले. समोरची भिंत रिकामी आहे. तिच्यावर आपल्यातल्याच बारा जणांचे फोटो लावू, जे असे आहेत आणि ते सांगायला तयार आहेत. प्रयोगशाळेतला मदतनीस, कॅन्टीनचा व्यवस्थापक, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, गणिताचे सर. पोरांना येता-जाता दिसू दे की आपल्यासारखी माणसं मोठी होतात, नोकऱ्या करतात, त्यांना टक्कल पडतं, चष्मा लागतो आणि तरी त्यांचं बरं चाललेलं असतं.

फ्रेमांची ऑर्डर चिमणीनं सवयीनं बापाच्या दुकानात धाडली. विद्यापीठाचा एकूण एक कुलगुरू त्याच दुकानात चौकटीत बसला होता, आधी अण्णा आजोबांच्या हातून आणि ते गेल्यावर दादाच्या. भिंतीवर टांगायलाही दादा स्वतःच जायचा, फ्रेम सरळ बसली का ते बघायची पाणसळ खिशात घालून. दुसरीकडे कुठं काम देता येतं हे चिमणीच्या डोक्यातच आलं नाही. फोटोंसोबत खाली चिकटवायच्या दोन-दोन ओळीही गेल्या. चिमणीला वाटलं, आत्यानं घरी सांगितलं असणार. आत्याचं म्हणणं, अजून वेळ आहे, रविवारी सांगू. कोणत्या रविवारी, हे मात्र तिनं एकोणीस वर्षांत ठरवलं नव्हतं.

आणि मग दादानं काउंटरवर उभ्या उभ्या, चष्मा पुसून, वाचलं: भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापिका. जोडीदार, विद्यापीठाच्या ग्रंथपाल. एकोणीस वर्षांचा संसार, दोन मांजरं आणि एक कायमचं भांडण, रात्री खिडकी उघडी की बंद.

तसं त्यात नवीन काय होतं म्हणा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या घरानं मूठ झाकली होती खरी, पण आत काय आहे ते सगळ्यांना पाठ होतं. ग्रंथपालबाई दर रविवारी गोटीबरोबर जेवायला यायच्या. वहिनीच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात रात्री जागायला त्याच होत्या. चिमणीला वाचायला त्यांनीच शिकवलं, म्हणून ती त्यांना पुस्तकमावशी म्हणायला लागली, आणि मग सगळेच मावशी म्हणू लागले. आत्याच्या मैत्रिणीला मावशी म्हणणं कोणत्या नात्यात बसतं असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

रविवारी गोटी आणि मावशी दादाच्या घरी निघाल्या तेव्हा वाटेत फारसं बोलणं झालं नाही. दुकान खाली आणि घर वर, त्यामुळं गोटीला बंद शटरसमोरूनच जायचं होतं. तिनं घरी आरशासमोर एक भाषण तयार केलं होतं. त्यात तीन मुद्दे होते आणि तिसऱ्याला दोन उपमुद्दे. मावशीनं ते ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की यात तुझा भाऊ कुठंच नाही, सगळं विद्यापीठच आहे. त्यावर गोटी रुसली आणि पुढचं अर्धं अंतर एकटीच पुढं चालत गेली. मावशी गळ्यात कॅमेरा अडकवून मागून येत राहिल्या. तो कॅमेरा त्यांच्या अंगावर नसला तर त्या घराला चुकल्यासारखं व्हायचं.

जिन्याच्या भिंतीवर घरातली लग्नं टांगलेली होती. ही अण्णांनी घातलेली रीत. घरात कुणी संसार मांडला की त्या दोघांच्या फोटोची फ्रेम एकाच पट्टीतून कापायची, चारी बाजू ओळीनं, म्हणजे लाकडातल्या रेषा कोपऱ्यावरून न तुटता वळतात. गिऱ्हाइकाला हे लाड परवडत नाहीत, लाकूड वाया जातं. त्यातही एक मेख असते. एका पट्टीला टोकं दोन, त्यामुळं तीन कोपरे जुळतात आणि चौथ्याला दोन परकी टोकं एकमेकांसमोर येतात. अण्णा तो कोपरा नेहमी खाली डावीकडे घ्यायचे आणि नव्या सुनेला बोट लावून दाखवायचे: चौथा कोपरा कुणाचाच जुळत नाही, तो सरसानं धरायचा असतो.

त्या भिंतीवर अण्णा आणि आई होते, दादा आणि वहिनी होते, धाकटा आणि त्याची बायको होती. गोटीचा फोटो जरा वर, एकटीचा, डॉक्टरेटचा झगा घातलेला. फ्रेम चांगली होती, पण चार वेगवेगळ्या तुकड्यांची. गोटी त्या जिन्यानं वर्षानुवर्षं चढली होती आणि दर वेळी तिथं चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्तानं खाली बघायची. आजही तिनं तेच केलं, पायात बूट असूनही.

वर जेवणाच्या टेबलाशी सगळे जमले होते. धाकटा भाऊ एकटाच आला होता, बायकोची आज ड्यूटी होती. तो दातांचा डॉक्टर, आणि समोरच्यानं आ वासल्याशिवाय त्याला संवादच करता येत नाही अशी वहिनीची तक्रार. चिमणी कधी नव्हे ती पानं मांडत होती, म्हणजे तिलाही धडधडत होतं. दादा टेबलाच्या टोकाला बसून काट्या-चमच्यांची ओळ सरळ करत होता. त्याला घरातही वाकडं काही बघवत नाही.

जेवण सुरू झालं आणि जे सगळ्यांच्या मनात होतं ते सोडून बाकी सगळ्यावर बोलणं झालं. धाकट्यानं पार्किंगवर भाषण दिलं. वहिनीनं मांजरांची चौकशी केली, एकदा नव्हे तीनदा. दादानं मीठ मागितलं, मीठ त्याच्याच हाताशी होतं. गोटी सूप ढवळत होती. ही बाई तीनशे पोरांसमोर तास न् तास बोलते, कडा दाखवून त्याचा करोडो वर्षांचा इतिहास सांगते, आणि घरच्या टेबलाशी तिला एक वाक्य सुचेना. तिला स्वतःचाच राग आला.

शेवटी मूठ उघडली ती धाकट्यानं. त्याचं म्हणणं असं, की कुणाला काही हरकत नाही, नव्हतीच कधी. घरात काय ते आहेच की. पण भिंतीवर कशाला? त्याच्या खुर्चीत रोज विद्यापीठाची माणसं येतात, उद्या कुणी विचारलं तर हातात सुई धरून तो काय उत्तर देणार?

"तुझा एवढा मोठा हसरा फोटो बसस्टॉपवर लागलाय," वहिनी म्हणाली, "तो चालतो?"

"वहिनी, ती जाहिरात आहे."

"हो ना. मी तिथं रोज बसची वाट बघते. बत्तीसच्या बत्तीस दिसतात."

चिमणी फिस्सकन हसली आणि बापाकडे बघून गप्प झाली. मग मात्र तिला राहवेना. तिनं समितीची बाजू मांडली, वसतिगृहातून निम्म्यावर घरी निघून जाणाऱ्या मुलांबद्दल सांगितलं, कुणीतरी मोठं माणूस दिसणं किती लागतं ते सांगितलं, आणि भलत्या आवेशात म्हणून गेली की बाबांसारखी माणसं आहेत म्हणूनच अशी भिंत लागते. वहिनी इतका वेळ लेकीच्या बाजूची होती, ती क्षणात नवऱ्याच्या बाजूला गेली. बापाला असं बोलतात का, तिनं विचारलं. धाकटा खूश झाला. गोटीनं चिमणीची बाजू घ्यायला तोंड उघडलं, पण त्याआधी मावशीच बोलल्या, आणि त्या भलतंच बोलल्या.

"दादांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

गोटीनं चमचा खाली ठेवला. एकोणीस वर्षांत ही बाई चारचौघांत कधी तिच्या विरोधात गेली नव्हती. खिडकीचं सोडून.

"मी हिला कितीदा सांगितलं, आधी त्यांना सांग," मावशी बशीकडे बघत म्हणाल्या. "ही म्हणते, त्याला माहीत आहे. अगं, माहीत असलं म्हणून काय झालं?"

दादानं एकदा मावशीकडे पाहिलं, मग उठला, हात धुतले आणि दुकानात काम आहे म्हणून खाली गेला. रविवारी दुकान बंद असतं हे त्या टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. वहिनीनं गोटीकडे बघून नुसती मान जिन्याकडे उडवली. एवढ्या वर्षांत दोघींत बोलण्यापेक्षा मानेनंच जास्त काम झालं होतं. गोटी उठली.

खाली दादा झाडत होता. जमीन स्वच्छ होती, त्यामुळं तो तिचाच एक भाग पुन्हा पुन्हा झाडत होता. भिंतीला अकरा काळ्या फ्रेमा टेकवून ठेवलेल्या, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. बाराव्या फोटोचं पाकीट काउंटरवर होतं, आणि ते उन्हात येऊ नये म्हणून त्यावर त्यानं स्वतःचा रुमाल घातला होता. गोटीनं तो रुमाल पाहिला आणि भाषणातला पहिला मुद्दा विसरली.

"बारावी का नाही, दादा?"

"बाजारात मोठी दुकानं आहेत. तिथं उभ्या उभ्या करून देतात."

"लाज वाटते का तुला माझी?"

दादानं झाडू भिंतीला लावला. तो वाकडा राहिला म्हणून पुन्हा सरळ केला.

"एक बाई सासऱ्यांचा फोटो घेऊन उभ्या होत्या," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर मी तुझी ओळ वाचली. आणि त्यांना विचारलं, फोटोभोवती माउंट पांढरा देऊ का क्रीम. त्या काय म्हणाल्या ते अजून आठवत नाही. सासरे तसेच पडलेत." त्यानं खरंच सासऱ्यांकडे बोट दाखवलं. "गोटे, तू माझी पाठची बहीण. तुझ्या खिशातले दगड काढून काढून मी तुझे फ्रॉक धुवायला टाकलेत. आणि मला कळलं ते गिऱ्हाईक म्हणून. अकरा परक्यांच्या बरोबरीनं, एका पाकिटात."

"तुला माहीत होतं की."

"चिमणी पास होणार हे मला निकालाआधी माहीत होतं. म्हणून ती सांगायला धावत आली नसती तर चाललं असतं?"

गोटी उलटली, कारण भावंडांत तोच एक मार्ग असतो. मग तू का नाही विचारलंस, एवढी वर्षं तोंडात काय धरून बसला होतास, असं तिनं विचारलं.

"मी काय विचारणार होतो? तू सांगशील म्हणून थांबलो. तू सांगेनास. मग वाटायला लागलं, माझ्यातच काही खोट असेल. ज्याला सांगता येत नाही असा भाऊ." हे तो फ्रेमांकडे बघत म्हणाला. "धाकट्याला तर मी धरतच नाही, त्याला दातापलीकडे काही कळत नाही. पण मी?"

गोटी एकोणीस वर्षं समजत होती की आपण या माणसाला एका धक्क्यापासून वाचवतोय, आणि इथं तो तिच्या गप्प बसण्याचं ओझं घेऊन रोज शटर उघडत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं झालं होतं. तिला रडू आलं. ती एका स्टुलावर बसली आणि तिनं भाषण सोडून जे खरं होतं ते सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या वर्षाला एक मुलगी आहे. खडकांच्या घड्यांबद्दल विचारायच्या निमित्तानं आली, बराच वेळ दारात घुटमळली, आणि म्हणाली, मॅडम, आपल्या विद्यापीठात तुमच्या वयाची, बाईबरोबर राहणारी, सुखात असलेली अशी कुणी आहे का? म्हणजे असतात का अशा, म्हाताऱ्या झालेल्या?

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हणाले, असेल."

"असेल?"

"असेल."

"दगडांबद्दल विचारलं तर छातीठोक सांगतेस. इतक्या कोटी वर्षांपूर्वी पाऊस पडला होता म्हणून सांगतेस. आणि स्वतःबद्दल, असेल?"

"म्हणून तर भिंतीवर जायला हो म्हटलं. त्या पोरीला दुसऱ्यांदा विचारायला लागू नये म्हणून."

दादानं मान हलवली. हे त्याला पटलेलं दिसत होतं, पण तो एवढ्यावर सोडणाऱ्यांतला नव्हता.

"ते पोरीचं झालं," तो म्हणाला. "आता मला सांग."

"वाचलंस ना तू?"

"ते पोरांसाठी लिहिलंय. मला सांग."

गोटीनं काच कापायच्या टेबलावरची फूटपट्टी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. "दादा, ती माझी मैत्रीण नाहीये," ती म्हणाली. "म्हणजे आहे. पण तेवढीच नाही. आम्ही दोघी एकमेकींच्या आहोत, पहिल्यापासून. ती उशिरा आली तर मला जेवण जात नाही. मला तिच्याशिवायचं घर आठवतसुद्धा नाही."

"हं," दादा म्हणाला.

"हं काय?"

"ऐकलं." त्यानं नाक ओढलं, मग रुमाल शोधला. रुमाल फोटोवर होता, म्हणून बाहीनंच काम भागवलं. "खिडकीचं काय आहे ते?"

"तिला उघडी लागते."

"थंडीत पण?"

"थंडीत पण."

"आमच्या हिला पंखा लागतो," दादा अगदी मनापासून म्हणाला. "चौथा कोपरा. कुणाला चुकलाय."

मग तो शिडीवर चढला आणि सगळ्यात वरच्या फळीवरून कागदात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं खाली घेऊन आला. कागद पिवळा पडला होता, दोरीची गाठ अण्णांची होती. गोटी ती गाठ ओळखत होती. घरच्या लग्नांसाठी अण्णांनी एका झाडाच्या तीन पट्ट्या घेतल्या होत्या, तीन मुलांच्या. दोन कापून झाल्या. तिसरीचं काय झालं हे विचारायची गोटीला कधी छाती झाली नव्हती. तिला वाटे, कुणा कुलगुरूच्या कामी आली असेल.

"तुझी पट्टी," दादा म्हणाला. "अण्णांनी ठेवली तेव्हा जावई कोण ते काही लिहून ठेवलं नव्हतं. फक्त म्हणाले, गोटीची आहे, कुणाला लावू नकोस. दोनदा गिऱ्हाइकानं दुप्पट पैसे दाखवले. नाही दिली."

तिनं लाकडावरून हात फिरवला. गडद, तुकतुकीत, रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहत गेलेल्या. खडकांतल्या थरांसारख्या, असं तिच्या मनात आलं, पण ती बोलली नाही, कारण दादा लगेच म्हणाला असता की झालं सुरू.

दादाचा बेत वेगळाच होता. ही पट्टी विद्यापीठाच्या फोटोलाच लावायची, समोरच्या सगळ्या मिशा खाली बघतील अशी फ्रेम करायची. गोटीनं साफ नकार दिला. तिथं ती बाकी अकरांसारखीच दिसली पाहिजे, काळ्या साध्या फ्रेममध्ये, कॅन्टीनवाल्याच्या शेजारी. वेगळं दिसायचं नाही म्हणून तर एवढा खटाटोप. दादा कुरकुरला, यंत्रावर कापलेल्या पट्टीत बहिणीला घालायचं म्हणजे काय, वगैरे. मग म्हणाला, बरं, पण एक अट. घरच्या भिंतीवर नाही आणि जगाच्या भिंतीवर टांगायची, ही पद्धत त्याच्या दुकानात नाही. आधी जिन्यात, मग विद्यापीठात. जिन्यातली झाली की बारावी तो त्याच दिवशी करेल आणि बाराही स्वतः जाऊन लावेल.

"म्हणून नाही म्हटलं होतंस?"

"म्हणून आणि रागानं. दोन्ही."

पट्टी उजेडात धरून त्यानं टोक तपासलं आणि चुकचुकला. इतकी वर्षं कोरड्या हवेत पडून एका टोकाला तडा गेला होता. वीतभर उडवावी लागणार. म्हणजे फ्रेम जिन्यातल्या बाकीच्यांपेक्षा अरुंद होणार. त्यानं खडूनं खूण केली, मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाला, होईल, फोटो दे.

आणि तिथं दोघंही थांबली. दोघींचा फोटो नव्हता. एकोणीस वर्षांचे फोटो होते, या घराचा प्रत्येक वाढदिवस, चिमणीचा पडलेला पहिला दात, धाकट्याच्या दवाखान्याची फीत, वहिनी दवाखान्यातून परत आली तो दिवस, सगळं होतं. आणि त्यातल्या एकाही फोटोत मावशी नव्हत्या, कारण ते सगळे मावशींनीच काढले होते. त्यांना कुणी बाजूला हो म्हटलं नव्हतं. त्याच हसत कॅमेरा उचलायच्या आणि कुणी त्यांना थांबवायचं नाही. दादाच्या हे लक्षात आलं तसा त्यानं हातातला खडू खाली ठेवला.

"एकदाही कुणाला सुचलं नाही," तो म्हणाला. "मी फोटोवाला माणूस. मला सुचलं नाही."

दोघं वर आली तेव्हा गोटीचे डोळे लाल आणि दादाची बाही ओली, त्यामुळं वहिनीला काही विचारायची गरज पडली नाही. तिनं दोघांना फळांची बशी दिली आणि लेकीला कोपरानं ढोसलं. चिमणीनं बापाजवळ जाऊन कानात काहीतरी सांगितलं, बहुधा चुकलं म्हणून. दादानं तिच्या डोक्यावर टपली मारली आणि समितीला कळवायला सांगितलं की फ्रेमा बाराच्या बारा होतील, आणि चहा काचेच्या कपातच ठेवा, कागदी कपात माणसाचा अपमान होतो.

मग तो मावशींकडे वळला. इतकी वर्षं तो त्यांना अहोजाहो करत आला होता, लायब्ररीतल्या बाई म्हणून.

"तो कॅमेरा दे इकडे," तो म्हणाला. "आणि जाऊन तिच्याशेजारी उभी राहा. जिन्यासाठी फोटो पाहिजे."

वहिनीनं ते "दे" बरोबर टिपलं आणि गालातल्या गालात हसली. मावशींना आधी कळलंच नाही. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, गोटीकडे पाहिलं, आणि त्यांचा हात आपोआप कॅमेऱ्याच्या पट्ट्याकडे गेला, लहान मूल पदर धरतं तसा. त्या म्हणाल्या, मी काढते की, तुम्ही सगळे उभे राहा, उजेड छान आहे. गोटीनं तो पट्टा त्यांच्या गळ्यातून हळूच काढला. "अगं, आज तू काढायचा नाहीस," ती म्हणाली. मावशी मान खाली घालून तिच्याशेजारी खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. गळ्यात काही नसलं की हात कुठं ठेवायचे असतात हे त्यांना माहीत नव्हतं.

आता काढणार कोण, हा प्रश्न. दादाला फ्रेमेच्या मापासाठी लांबून बघायचं होतं. चिमणी रडत होती आणि रडत नाही असं सांगत होती. वहिनीनं कॅमेरा उचलून सरळ धाकट्याच्या हातात दिला. त्याच्याइतकं बारकाईनं माणसांच्या तोंडाकडे बघायची सवय कुणाला आहे, तिनं विचारलं. धाकट्यानं सगळ्यांकडे पाहिलं. त्याची बाजू घ्यायला टेबलावर कुणीच उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तोही उरला नव्हता. मावशी बशीकडे बघत बोलल्या तेव्हाच तो विरघळायला लागला होता, फक्त बोलून गेलेला शब्द मागं कसा घ्यायचा ते त्याला उमजत नव्हतं.

"ताई, हनुवटी वर," तो दवाखान्यातल्या आवाजात म्हणाला. "मावशी, ओठ सैल सोडा. काही दुखणार नाही."

सगळे हसले, मावशीही हसल्या. गोटी ताठ उभी होती, डॉक्टरेटच्या फोटोत होती तशीच. दोघींच्या मध्ये एक माणूस सहज उभा राहील एवढी जागा होती. चारचौघांत एवढं अंतर ठेवायची सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की ते ठेवलंय हेही त्यांना कळत नव्हतं. धाकट्यानं कॅमेरा खाली घेतला. काहीतरी चुकतंय हे त्याला दिसत होतं आणि सांगायला जीभ रेटत नव्हती. शेवटी त्यानं दादाकडे पाहिलं.

दादानं एक डोळा मिटला, दोन्ही हातांची बोटं जोडून चौकट केली आणि तिच्यातून बहिणीकडे आणि तिच्या माणसाकडे नीट, बराच वेळ पाहिलं.

"जवळ सरका," तो म्हणाला. "मध्ये एवढी जागा सोडलीत तर पट्टी पुरायची नाही."